घरचं वायफाय लॅपटॉपला दिसतच नाही, मोबाईलला मात्र फुल्ल रेंज

लालबागवाली (गुरुवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून इथे लिहितेय, थोडं लांबेल पण सगळं एकदाच सांगते.

लॅपटॉप जुना आहे, २०१४ चा, विंडोज १०. भाऊ अमेरिकेत होता तेव्हा तिकडेच घेतलेला, परत आला तेव्हा मला दिला. आजवर एक दिवस कुरकुर नाही. मागच्या आठवड्यात त्या पावसात आमच्या विंगचं नेट गेलं, केबलवाल्याचा पोरगा आला, म्हणाला बॉक्स गेलाय, नवीन लावून दिला आणि वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला म्हणजे सगळ्यांच्या फोनमध्ये परत टाकत बसायला नको. मी म्हटलं हुशार आहे पोरगा. चहा पण दिला.

तेव्हापासून लॅपटॉपला आमचं वायफाय दिसत नाही. पासवर्ड चुकतोय किंवा कनेक्ट होऊन तुटतंय असं काही नाही हां, लिस्टमध्ये नावच येत नाही. शेजारच्यांचं येतं, वरच्या मजल्यावरचं येतं, समोरच्या विंगमधल्या कुणाचं तरी "फुकट मिळणार नाही" नावाचं आहे ते पण येतं, फक्त आमचंच नाही. आणि राऊटर कुठे, तर टीव्हीच्या वर, लॅपटॉपपासून चार हातांवर. हिरवे दिवे लुकलुकतायत माझ्याकडे बघून.

माझा फोन, नवऱ्याचा फोन, मुलाचा टॅब, सगळं व्यवस्थित चालतंय. फोनचा हॉटस्पॉट लावला तर लॅपटॉप लगेच घेतो.

आता खरी गंमत ऐका. मधेच लागतं पण! मंगळवारी लाईट जाऊन आली तर लॅपटॉप आपोआप कनेक्ट, मी खूश, रात्री अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉल होता नेमकं तेव्हा गायब. काल मुद्दाम राऊटर बंद-चालू केला तर नाही आलं, परत केलं तर नाही आलं, तिसऱ्यांदा केलं तर आलं. आज सकाळी परत नाही.

करून झालेलं: एअरप्लेन मोड चालू-बंद, फरगेट नेटवर्क, विंडोजचा तो ट्रबलशूटर (तो म्हणतो प्रॉब्लेम सापडला नाही, वा), डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफायचा ड्रायव्हर काढून रिस्टार्ट. केबलवाला म्हणतो "मॅडम फोन चालतायत ना, मग लॅपटॉपचाच प्रॉब्लेम." खालच्या दुकानात नेला तर तिकडच्या वायफायला पहिल्या फटक्यात लागला, म्हणजे डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरतो तसं, तरी तो म्हणतो कार्ड बदलू या, पंधराशे. बदलू का?

कटिंग_चहा (११:३१)

ताई राऊटरचा स्विच बंद करा, पूर्ण अर्धा मिनिट थांबा मग चालू करा. लगेच चालू करू नका, लोक तिथेच चुकतात. माझं दर वेळी याच्यानेच होतं.

लालबागवाली (११:३४)

दादा पोस्ट पूर्ण वाचा ना. तीनदा केलंय. 🙏

स्लो_लोकल (११:५२)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, आधी विंडोज ११ टाका. नाहीतर सेटिंगमध्ये नेटवर्क रीसेट आहे, ते मारा, सगळं कोरं होतं. ते पण नाही झालं तर राऊटरच्या मागे बारीक भोक असतं त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरा, फॅक्टरी सेटिंगवर येईल.

तारतम्य (शुक्रवार, सकाळी ७:४०)

थांबा थांबा थांबा, टाचणी खाली ठेवा!!

फायबरचा बॉक्स असेल तर त्याच्या आत केबलवाल्याने टाकलेलं लॉगिन असतं, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि बाकी दोन-चार गोष्टी, टाचणीने ते सगळं उडतं. मग आत्ता निदान फोन तरी चालतायत, ते पण बंद होतील आणि तुम्ही शनिवार-रविवार त्या पोराला फोन लावत बसाल. मी हे स्वतःच्या घरी करून बसलोय, गणपतीच्या दिवसांत, कुणी फोन उचलत नव्हतं, म्हणून सांगतोय.

नेटवर्क रीसेट पण घाईने नको. क्लायंटचे कॉल म्हणजे ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता) असणार, रीसेटमध्ये त्याची वाट लागू शकते आणि मग परत ऑफिसच्या आयटीवाल्याच्या दारात. आणि २०१४ च्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तो विषय स्वतंत्र आहे आणि कधीतरी बघावाच लागेल, पण आजच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही.

कार्ड बदलू नका. शेजाऱ्यांचं पकडतंय, दुकानातलं पकडतंय, हॉटस्पॉट पकडतंय, म्हणजे कार्ड ठणठणीत आहे.

मला दोन गोष्टी बघून सांगा. लॅपटॉपवर स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून ती काळी खिडकी उघडा, त्यात नेट आणि एसएच हे जोडून एक शब्द, मग स्पेस, डब्ल्यूलॅन, स्पेस, शो, स्पेस, ड्रायव्हर्स, एंटर (अर्थात इंग्रजीत). लांबलचक यादी येईल, त्यात "रेडिओ टाइप्स सपोर्टेड" अशी एक ओळ असते, तिच्यासमोर काय लिहिलंय ते सांगा. दुसरं म्हणजे घरात अँड्रॉइड फोन असेल तर त्यात वायफाय ॲनालायझर असं सर्च करून कुठलंही एक फुकटवालं ॲप टाका. आयफोनवर असली ॲप चालत नाहीत, ॲपल आजूबाजूचं स्कॅन करू देत नाही. लोकेशन चालू ठेवा नाहीतर यादी रिकामी येते. आणि लॅपटॉपला तुमचं वायफाय दिसत *नसताना* त्या ॲपमध्ये बघा तुमचं नाव कुठल्या चॅनलवर आहे. दिसत असताना बघून उपयोग नाही.

तोवर काम अडलं असेल तर फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, फोन वायफायवर असला तरी तेच नेट वायरने लॅपटॉपला मिळतं, डेटा पण जात नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

निवृत्त_लाईनमन (८:१५)

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली. कधी लागतं कधी नाही म्हणजे लूज कॉन्टॅक्ट, हा आमचा पहिला नियम. लॅपटॉपच्या आत वायफाय कार्डाला दोन बारीक वायरी असतात, एक काळी एक पांढरी, स्क्रीनच्या कडेला अँटिना असते तिथपर्यंत जातात, त्यातली एक निसटली तर असंच होतं. कार्ड बदलण्याआधी ते उघडून बघायला सांगा, त्याचे पंधराशे नाही पडत. आणि बॉक्सवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागतो का मधेमधे? लागत असेल तर फायबरच दाबली गेलीय, पावसाळ्यात डक्टमधे उंदीर फार.

तारतम्य (८:३३)

काका, एलओएसचा लाल दिवा लागला तर बाहेरून येणारं नेटच बंद होईल आणि सगळ्यांचंच जाईल, फोन पण बसतील, आणि तरीसुद्धा वायफायचं नाव लिस्टमध्ये दिसत राहील. यांच्याकडे बरोब्बर उलटं आहे. अँटिनाची वायर ही शंका मात्र रास्त आहे, पण तसं असतं तर आधी लांबची नेटवर्कं गेली असती, समोरच्या विंगमधलं दिसतंय आणि चार हातांवरचं दिसत नाही हे वायर निसटून होत नाही.

निवृत्त_लाईनमन (८:४१)

हे बाकी खरं. मग उत्सुकता लागली, काय निघतं ते लिहा.

लालबागवाली (दुपारी १:०५)

लंच ब्रेकमध्ये केलं सगळं. टेदरिंगसाठी तर तुम्हाला वडापाव लागू, सकाळचा कॉल त्याच्यावरच झाला.

काळ्या खिडकीतली ओळ: ८०२.११बी, ८०२.११जी, ८०२.११एन. एवढंच, पुढे काही नाही.

आणि ते ॲप! मी तासभर तेच बघत बसले होते. रंगीत डोंगर डोंगर दिसतात ना, तर १, ६ आणि ११ या आकड्यांवर एकावर एक एवढे डोंगर आहेत की नावं वाचता येत नाहीत, मोजली तर सदतीस नेटवर्कं निघाली, आमची चाळ होती तेव्हा अख्ख्या मजल्यावर एक फोन होता. आणि सगळ्यात उजवीकडे एकटाच एक गुलाबी डोंगर, ऐसपैस, आजूबाजूला कुणी नाही, तो आमचा! खाली आकडा १३. वर ५ गिगाहर्ट्झ असं टॅब आहे तिकडे पण आमचं नाव आहे, तिथे ३६ लिहिलंय. आमचं वायफाय दोन ठिकाणी कसं?

तारतम्य (१:२२)

सापडलं!!! १३ हा आकडा बघूनच कळलं. ताई एक पैसा खर्च करू नका.

नीट सांगतो. तुमचा नवीन बॉक्स एकाच नावाने दोन बँडवर वायफाय सोडतोय, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोन आणि टॅब नवीन आहेत, ते ५ पकडून मजेत आहेत. तुमच्या लॅपटॉपच्या ओळीत बी, जी, एन आहे पण ए किंवा एसी नाही, म्हणजे त्याला ५ ऐकूच येत नाही, तो फक्त २.४ वाला. त्यामुळे "फोन चालतायत म्हणजे राऊटर बरोबर" हे केबलवाल्याचं म्हणणं इथेच फसतं, फोन वेगळ्याच दाराने आत जातायत.

आता २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनल चालतात. अमेरिकेत मात्र १ ते ११ एवढीच वापरतात, म्हणून तिकडे विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपची कार्डं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. जुन्या रेडिओचा काटा कसा एका ठिकाणी अडतो, पुढे स्टेशन असलं तरी लागत नाही, तसं. १३ वर तुमचा राऊटर घसा फोडून ओरडला तरी या लॅपटॉपच्या हिशोबाने तिथे काही नाहीच. फोन आपल्याकडचा, म्हणून त्या ॲपला १३ दिसलं. (सगळ्याच अमेरिकन लॅपटॉपना हे होत नाही, काही कार्डं आजूबाजूच्या राऊटरकडून देशाचा कोड ऐकून १२-१३ उघडतात. तुमचं त्यातलं नाही.)

आणि कधी लागतं कधी नाही त्याचं कारण म्हणजे राऊटरचं चॅनल "ऑटो"वर आहे. चालू झाला की तो आजूबाजूला बघतो कुठे गर्दी कमी. तुमच्या टॉवरमध्ये १, ६, ११ वर विरार फास्ट भरलीय, १३ वर बसायला जागा, तो बहुतेक वेळा तिकडेच जाऊन बसणार. एखाद्या वेळी तिकडे दुसरं कोणी असलं की तो ६ वर येतो आणि तुमचा लॅपटॉप लगेच लागतो. काही राऊटर चालू असतानाच मधे चॅनल बदलतात, मंगळवारी रात्री बहुधा तेच झालं. जुन्या बॉक्सचं चॅनल ११ च्या आतलं कुठलं तरी असणार, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आणि त्या पोराने नाव-पासवर्ड तेच ठेवल्यामुळे काही बदललंय असं वाटलंच नाही.

उपाय: फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाही उघडलं तर १९२.१६८.०.१, बॉक्सच्या मागच्या स्टिकरवर नक्की काय ते लिहिलेलं असतं, लॉगिन पण तिथेच. आत वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन मध्ये २.४ गिगाहर्ट्झ, तिथे चॅनल ऑटो असेल ते काढून १, ६ किंवा ११ यातलं एक द्या. ॲपमध्ये बघा तिघांत कुणाचे डोंगर बुटके आहेत, ते घ्या. मधलं ३ किंवा ८ रिकामं दिसतंय म्हणून घेऊ नका, चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि सिग्नल वीस मेगाहर्ट्झ रुंद असतो, मधे बसलात तर दोन्हीकडच्यांचे कोपर खाल. चॅनल विड्थ २०/४० असेल तर २० करा. सेव्ह केलं की वायफाय थोडा वेळ जाईल, घाबरू नका.

स्लो_लोकल (२:१०)

हे नवीनच कळलं. पण मग लॅपटॉपमध्येच १३ चालू करता येत नाही का, प्रत्येक ठिकाणी राऊटर थोडीच आपला असतो.

तारतम्य (२:१८)

काही कार्डांत येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर डबल क्लिक, ॲडव्हान्स्ड टॅब, त्यात "कंट्री रीजन" असलं काही असेल तर तिथे १-११ चं १-१३ करता येतं. बऱ्याच कार्डांत ती ओळ नसतेच, देश कारखान्यातच ठोकलेला असतो. मग लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीला लावायचा ड्युअल बँड डोंगल घ्यायचा, तो ५ पण पकडतो, हा सगळा प्रश्नच मिटतो. दुकानात "ड्युअल बँड" असं म्हणून मागा, नुसतं वायफाय डोंगल म्हटलं तर पुन्हा २.४ वालं हातात देतात.

बोरिवली_स्लो (३:४५)

धाग्यात घुसतोय सॉरी, माझं पण हेच आहे, घरचं वायफाय लागत नाही, फक्त माझं लिस्टमध्ये *दिसतं*, पासवर्ड टाकला की "कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क". मी पण चॅनल बदलू का?

तारतम्य (४:०२)

नको, दिसतंय ना, मग तुमचा आजार वेगळा. राऊटर नवीन आणि लॅपटॉप जुना असेल तर राऊटरमध्ये सिक्युरिटी बघा. डब्ल्यूपीए३ ही २०१८ ची पद्धत आहे, जुन्या कार्डांना ती झेपत नाही, नाव दिसतं पण आत घेत नाही. तिथे डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स असा पर्याय असतो तो करा, नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी किंवा ओपन मात्र करू नका, अख्खी बिल्डिंग तुमच्या नेटवर मॅच बघेल. आणि कनेक्ट झालं पण नेट चालत नाही आणि आयपी (म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होतोय असं दिसलं, तर तो तिसरा आजार, राऊटरकडून पत्ताच मिळत नाहीये, तेव्हा बघा कोणी ऑफिसमध्ये लॅपटॉपला फिक्स आयपी टाकून ठेवलाय का, किंवा राऊटरमध्ये डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) बंद झालंय का. नवीन धागा काढा, तिकडे बोलू.

निवृत्त_लाईनमन (४:३०)

वा. आमच्याकडे क्रॉस कनेक्शन शोधायला पिलर (रस्त्यावरची टेलिफोनच्या तारांची पेटी) उघडून तारांच्या जोड्या मोजत बसायचो, तसंच झालं हे. तक्रार "फोन डेड", आणि फोनला काहीच झालेलं नसायचं.

लालबागवाली (रात्री ९:५०)

झालंऽऽऽ. आत्ता हे लॅपटॉपवरून लिहितेय, आपल्याच वायफायवरून.

स्टिकरवरचा पासवर्ड लागला नाही, केबलवाल्याने बदललेला. फोन केला तर आधी "मॅडम तुम्ही कशाला आत जाता", मी म्हटलं बाबा तू ये आणि तूच जा आत. आला संध्याकाळी, रेनकोट दारात टांगला, मी ॲपमधला गुलाबी डोंगर दाखवला, तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला आठव्या मजल्यावरच्या साहेबांचा पण लॅपटॉप असाच, तिकडे मी दोनदा बॉक्स बदलून दिला. आम्ही दोघांनी ॲपमध्ये बघून ६ ठेवलं, ११ वर "फुकट मिळणार नाही" वाल्याचा डोंगर फार उंच होता. विड्थ २० केली. सेव्ह केल्यावर लॅपटॉपवर लिस्ट उघडून बसलो, आधी शेजाऱ्यांची नावं आली, मग वरच्यांची, आणि मग सगळ्यांच्या वर आमचं, फुल्ल काड्या. मुलगा ओरडला.

स्पीड फोनएवढा नाही येत, पण कॉलला पुरतो. डोंगल पगार झाल्यावर.

कटिंग_चहा (९:५८)

म्हणजे तिसऱ्यांदा बंद-चालू केल्यावर लागत होतं ते बरोबरच होतं ना 😄

लालबागवाली (१०:०१)

हो दादा, लॉटरी लागत होती. 😂 बाय द वे त्या पोराने जाताना ॲपचं नाव विचारून घेतलं, आठव्या मजल्यावर जातो म्हणाला, तिकडचे साहेब पण अमेरिकेहूनच आलेत.